देवाच्या लग्नाला जावे

रत्नागिरी जिल्ह्यातली देवदर्शनाची सहल बहुधा दोन दिवसांत आटोपते. पहिल्या दिवशी गणपतीपुळे, जवळच मालगुंडला केशवसुतांचे स्मारक, मग पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. दुसऱ्या दिवशी देवरुखमार्गे मार्लेश्वर आणि परतताना वेळ उरलाच तर कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर मंदिर. दर्शन सगळीकडे नीट होते, गर्दी नसली तर निवांतही होते. तरीही या जिल्ह्यातले देवस्थान एरवीच्या दिवशी नुसते दिसते, ते कळते त्याच्या वार्षिक उत्सवात, असे माझे मत आहे. मूर्ती आणि तिच्यावरचे छप्पर एवढाच इथल्या देवळाचा ऐवज नसतो. कोणत्या गावाने काय आणायचे, पालखीला पहिला खांदा कोणाचा, दिवटी कोणी धरायची, गाऱ्हाणे कोणी घालायचे, कोणाच्या अंगणात देव थांबणार, याबद्दल गावागावांत, वाड्यावाड्यांत आणि घराघरांत झालेला एक करार त्या देवळामागे उभा असतो. एका कागदावर लिहिलेला तो क्वचितच सापडतो. वर्षातून एकदा सगळ्यांच्या देखत तो पार पाडला जातो, आणि पार पाडला जातो म्हणूनच टिकतो. हा करार समजून घेतला नाही तर यात्रेकरू देवाला भेटून येतो, पण तो देव कोणाचा आणि कसा, हे त्याला उमगत नाही.

याचे सर्वात उघड उदाहरण मार्लेश्वरचे. संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून वीस किलोमीटरच्या आत, सह्याद्रीच्या कुशीत मारळ नावाचे गाव आहे. गावाच्या वर, पाचशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर डोंगरातल्या गुहेत शिवाचे स्थान आहे. समोर धारेश्वराचा धबधबा कोसळतो आणि बाव नदी इथूनच खाली उतरते. गुहेचे दार इतके ठेंगणे की आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागते. आत विजेचा दिवा नाही. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात दर्शन घ्यायचे. गुहेच्या कपारींतून साप असतात आणि त्यांना कोणी त्रास देत नाही, हे इथे येणारे लोक सहज सांगतात. पावसाळ्यात धबधबा भरात असतो, श्रावणी सोमवारी रांगा लागतात. पण या देवाचा मोठा दिवस मकरसंक्रांत. त्या दिवशी मार्लेश्वराचे लग्न लागते. नवरी गिरिजादेवी, तिचे माहेर साखरपा.

लग्न म्हणजे केवळ मंत्र म्हणून मूर्तींवर अक्षता टाकणे, असे इथे होत नाही. वराकडची पालखी आंगवलीच्या मठातून निघते, वधूची पालखी साखरप्याहून निघते, देवरुखहून व्याडेश्वराची पालखी वऱ्हाडात सामील होते. वाटेतल्या गावांतून या पालख्या चालत येतात, लोक ठिकठिकाणी ओट्या भरतात, आणि संक्रांतीच्या दिवशी सगळे वऱ्हाड डोंगरावर जमते. तिथे आधी मुलगी पाहणे होते, मग रीतसर मागणी घातली जाते, पंचांग पाहून मुहूर्त काढला जातो, मानपानाची बोलणी होतात, हळद लागते आणि मगच मंगलाष्टका. लग्नाचे आमंत्रण ३६० मानकऱ्यांना जाते, अशी परंपरा आहे. लग्नाचा विधी लिंगायत पद्धतीने होतो, त्याला कल्याणविधी म्हणतात, आणि त्यासाठी रायपाटणचे, लांज्याचे आणि घाटावरच्या म्हासोळीचे स्वामी येतात. वरपक्षातला मोठा मान आंगवलीच्या अणेराव घराण्याकडे आहे. गुहेतले हे स्थान त्यांच्याच एका पूर्वजाला शिकारीच्या निमित्ताने सापडले, अशी कथा सांगितली जाते. कथेची तारीख-वार शोधत बसण्यापेक्षा ती काय काम करते ते पाहावे: आंगवलीचा माणूस आला नाही तर लग्न का लागत नाही, याचे कारण ती कथा देते.

या नावांकडे नकाशा पुढे ठेवून पाहिले की आणखी काही उलगडते. साखरपा आंबा घाटाच्या पायथ्याशी आहे, कोल्हापूरकडे चढणाऱ्या वाटेवर. रायपाटण राजापूर तालुक्यात, अणुस्कुरा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर. लांजा त्या दोन्ही वाटांच्या मधल्या टापूत. बंदरांवरून आलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढायचा आणि देशावरचे धान्य, गूळ खाली उतरायचे, त्या काळात ही गावे उतारपेठा होती, आणि या व्यापारात लिंगायत वाणी मोठ्या संख्येने होते. त्यांचे जंगम गुरू घाटाच्या वर-खाली सारखेच मानले जात. माझा तर्क असा की मार्लेश्वराच्या लग्नाने ही व्यापारी वाट एका नात्यात बांधली. डोंगरातला रानदेव आणि पेठेतली देवी यांची सोयरीक जुळली की त्या दोन गावांतली माणसेही एकमेकांचे व्याही होतात. दरवर्षी एकदा भेटणे, जेवणे, देणीघेणी मिटवणे भाग पडते. घाटातून ट्रक धावू लागले, बैलांचे तांडे गेले, पेठांचे महत्त्व ओसरले, पण सोयरीक राहिली. आजही म्हासोळीहून स्वामी खाली उतरतात ते त्या जुन्या वाटेची आठवण म्हणून नाही, तर त्यांच्यावाचून विधी पुरा होत नाही म्हणून.

दिवसाची निवडही पाहण्यासारखी आहे. संक्रांत बहुधा पौषात येते, आणि पौषात आपल्याकडे माणसांची लग्ने करत नाहीत. म्हणजे ज्या महिन्यात कोणाच्याच घरी कार्य नसते, त्या महिन्यात देवाचे कार्य. भाताची कापणी-झोडणी आटोपलेली असते, आंब्याची धावपळ अजून दूर असते, हात मोकळे असतात. शिवाय संक्रांत सूर्याच्या हिशेबाने येते, त्यामुळे जानेवारीची १४ किंवा १५ तारीख ठरलेली. मुंबईत नोकरी करणाऱ्याला रजा मागायला याहून सोपा सण नाही.

मार्लेश्वर हे एका लग्नाचे उदाहरण झाले. शिमग्यात असा करार जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात नव्याने पार पडतो. कोकणाबाहेरच्या महाराष्ट्रात होळी म्हणजे बहुधा एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची धुळवड. रत्नागिरीत फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, म्हणजे फाकपंचमीपासून, शिमगा सुरू होतो आणि काही गावांत तो पौर्णिमा उलटून पुढे अनेक दिवस चालतो. काही गावांचा होम त्रयोदशीला लागतो, ते तेरसे शिमगे. काहींचा पौर्णिमेला, ते भद्रेचे शिमगे. एरवी देवळात असलेल्या ग्रामदेवतांची चांदीची, पितळेची रूपे पालखीत बसवतात, भरजरी वस्त्रांनी पालखी सजवतात, आणि देव देवळातून बाहेर पडतो. आधी सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसतो, मग वाडीवाडीतून, घराघरांतून फिरतो. तीर्थयात्रेची दिशाच इथे उलटी होते: भक्ताने देवाकडे जायचे हा जगाचा नेम, शिमग्यात देव भक्ताच्या अंगणात येतो. घरची बाई ओटी भरते, गुरव किंवा मानकरी घराच्या वतीने गाऱ्हाणे घालतो, आणि त्या गाऱ्हाण्यात मुंबईला असलेल्या मुलाचे, परदेशी गेलेल्या नातवाचे, कोर्टात अडकलेल्या जमिनीचे, सगळ्याचे नाव निघते. ढोलांच्या ठेक्यावर पालखी खांद्यावर, डोक्यावर नाचवली जाते. संकासूर, गोमू ही सोंगे आणि नमनखेळे हे सगळे त्याच मांडवाखालचे.

रत्नागिरी शहराचा भैरी बारा वाड्यांचा देव मानला जातो, आणि त्याची पालखी झाडगावच्या सहाणेवर येते तेव्हा सारे शहर रस्त्यावर असते. या देवाला पोलिसांकडून मानवंदना देण्याची रीत आहे. शासनाचा गणवेश घातलेला माणूसही उत्सवाच्या त्या घटकेला मानकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, एवढे या रीतीवरून दिसते. चिपळूणच्या शिमग्यात शेरणे काढण्याची प्रथा आहे. कोणीतरी नवसाचा नारळ जमिनीत पुरून ठेवतो आणि पालखी, भोयांच्या खांद्यावर झुकत-वळत, ती जागा शोधून काढते. इतर गावांत याला खुणा काढणे म्हणतात. यामागे भोयांची सवय की देवाची इच्छा, हा वाद घालणारे घालोत. मला त्यातले दुसरेच महत्त्वाचे वाटते. पालखी कुठे वळणार हे कोणा एका माणसाला ठरवता येत नाही. चार खांदे एकमेकांच्या ओढीला प्रतिसाद देतात तेव्हाच ती चालते. गावाचा निर्णय कसा व्हावा याचा तो वस्तुपाठ आहे, आणि तो कोणी भाषणातून दिलेला नाही.

गणपतीपुळ्याला हाच करार तिसऱ्या तऱ्हेने दिसतो. समुद्राकडे, पश्चिमेला तोंड केलेला हा स्वयंभू गणपती. डोंगरच देव मानलेला असल्यामुळे प्रदक्षिणा देवळाला न घालता साऱ्या डोंगराला घालायची, सुमारे एक किलोमीटरची. वर्षभर इथे पर्यटकांची रीघ असते. पण भाद्रपदातल्या चतुर्थीला, सारे कोकण घरोघरी गणपती आणत असते तेव्हा, गणपतीपुळे आणि आसपासच्या काही गावांत घरात मूर्ती बसवत नाहीत. पुळ्याचा गणपती हाच सगळ्यांचा घरचा गणपती. एरवी गाभाऱ्यात न जाणारे गावकरी त्या दिवशी आत जाऊन देवाला हात लावून पूजा करतात. बाहेरून आलेल्याला हे समजले नाही तर त्या दिवशीची रांग त्याला फक्त रांग वाटेल. समजले तर लक्षात येईल की कोकणातल्या माणसाला अतिशय प्रिय असलेली गोष्ट, घरची मूर्ती, या लोकांनी एकत्र येऊन सोडली आहे, आणि त्या बदल्यात देवळावर घरासारखा हक्क मिळवला आहे.

हे सगळे एवढ्या जोमाने का टिकले, याचे एक उत्तर जनगणनेत आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा जवळपास पाच टक्क्यांनी आटला. माणसे गेली ती मुख्यतः मुंबई-ठाण्याला, तीही काही आजकाल नव्हे; गिरणीच्या काळापासून इथली घरे मनीऑर्डरीवर चालली. जो गावात राहत नाही तो गावाचा कसा राहतो, हा अशा जिल्ह्यापुढचा खरा प्रश्न. जमीन भावकीत वाटली जाते, घराला कुलूप लागते, मुलांची भाषा बदलते. मान मात्र वाटून संपत नाही आणि विकताही येत नाही. पालखीला ज्या घराचा खांदा आहे, त्या घराचा कोणीतरी शिमग्याला यावाच लागतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून होळी आणि गणपतीच्या जादा गाड्या हा दरवर्षीचा विषय झाला. एसटीच्या जादा बसगाड्या त्याच्याही आधीपासून आहेत. चाकरमानी या गाड्यांसाठी रात्र-रात्र ताटकळतो ते नुसत्या हौसेने नाही. वर्षातून एकदा हजर राहून तो गावातले आपले सभासदत्व राखत असतो.

यावर पहिला आणि सर्वात गंभीर आक्षेप असा येईल की ज्याला मी करार म्हणतो तो मुळात उतरंडीचा करार आहे. मान म्हणजे कोणाला तरी पुढे ठेवणे आणि कोणाला तरी मागे. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. रत्नागिरीतच जन्मलेल्या धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे की ग्रामदेवतेची पालखी ठेवण्याचा मान आंबेडकरांच्या पूर्वजांच्या घराकडे होता. देवीची पालखी ज्या घरात राहायची, त्या घरातल्या माणसांना अस्पृश्य मानणारा हाच गाव आणि हाच समाज. मान आणि माणुसकी या दोन गोष्टी एकत्र येतीलच असे नाही, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही. रत्नागिरी शहरात २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर खुले झाले. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजी बाळू कीर या दानशूर भंडारी व्यावसायिकाच्या पैशातून ते उभे राहिले, आणि कोणत्याही जातीच्या हिंदूला तिथे प्रवेश होता. त्यासाठी नवे देऊळ बांधावे लागले, ही गोष्ट जुन्या देवळांविषयी काय सांगते ते वेगळे लिहायला नको. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, पुढे संविधानाने अस्पृश्यताच संपवली. तरी गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकण्याचे प्रकार कोकणात थांबले नाहीत, म्हणून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. शिमग्याच्या पालखीवरून, मानावरून भांडणे होऊन ती तहसीलदारांच्या, पोलिसांच्या बैठकीपर्यंत जातात, काही वेळा पालखी बाहेरच पडत नाही, हेही या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, की म्हणून ही मानाची व्यवस्थाच मोडीत काढावी, मला पटत नाही. मोडीत काढल्यावर जे उरते ते आपण मोठ्या देवस्थानांत रोज पाहतो: पैसे भरणाऱ्याला पुढची रांग, न भरणाऱ्याला मागची. तीही उतरंडच, फक्त तिच्यात कोणाला कोणाचे नाव माहीत नसते आणि कोणावर कसली जबाबदारी नसते. मानकऱ्याच्या मानाला निदान काम जोडलेले असते. दिवटीचा मान असलेल्याला रात्रभर दिवटी धरावी लागते, पालखीचा मान असलेल्याला खांदे सोलून घ्यावे लागतात. शिवाय करार दरवर्षी सगळ्यांसमोर पार पडतो म्हणूनच तो बदलता येतो. बंद खोलीत ठरलेली व्यवस्था बदलायला न्यायालयात जावे लागते; सहाणेवर ठरणारी व्यवस्था सहाणेवरच बदलू शकते, जर तिथे उभे राहून बोलण्याचा अधिकार सर्वांना असेल. म्हणून भांडणे होतात याचेही मला फारसे वाईट वाटत नाही. ज्या गोष्टीवर हक्क सांगावा असे कोणाला वाटत नाही, तिच्यावरून भांडण होत नाही. आग्रह धरायचा तो एवढाच की प्रत्येक वाडीत, प्रत्येक घरी पालखी गेली पाहिजे, आणि जिथे जात नसेल तिथे कायद्याने हात घातला पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. उत्सवात गर्दी, राहायला जागा नाही, गाडी लावायला ठिकाण नाही. शांतपणे दर्शन घ्यायचे तर एरवीच जावे हे बरे. शिवाय गर्दीचे धोके आहेत. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत शेकडो माणसे गेली, तेव्हापासून डोंगरावरच्या कोणत्याही यात्रेकडे निश्चिंत मनाने पाहता येत नाही. मार्लेश्वरची गुहा लहान, दार ठेंगणे, पायऱ्या चढाच्या. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. संक्रांतीच्या दिवशी प्रत्येकाने गुहेत शिरलेच पाहिजे असे काही नाही. त्या दिवशी देव गुहेबाहेर, लग्नमंडपात आहे. गुहेतले दर्शन हवे तर आठ दिवस आधी किंवा नंतर जावे. उत्सवाला जायचे ते लग्न पाहायला, आणि तेही एका दिवसात आटोपण्याची घाई न करता. साखरप्याहून पालखी निघते ते पाहावे, वाटेवरच्या एखाद्या गावात थांबावे, मानकऱ्याला त्याचा मान काय ते विचारावे. लोक आनंदाने सांगतात. संगमेश्वर रोड स्टेशनवर उतरून देवरुखला मुक्काम करता येतो, यात्रेच्या दिवसांत एसटीच्या गाड्याही जास्त असतात. शिमग्याला जायचे तर आपल्या ओळखीतल्या कोणाचे गाव आहे का ते पाहावे. त्या घरी पालखी येईल तेव्हा हजर असावे, नुसता फोन उंचावून उभे राहू नये, घरचे सांगतील ते काम करावे. विस्तवाभोवती आणि नाचणाऱ्या पालखीसमोर भोयांची वाट अडवू नये, एवढे भान पुरे. देवस्थानांनीही एक करण्यासारखे आहे: आपल्या उत्सवातले मान, त्यांची कामे, पालखीची वाट आणि वेळ हे सगळे लिहून देवळाच्या दर्शनी भागात लावावे. आज बहुतेक ठिकाणी देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या दिसतात, मानकऱ्यांच्या कामांची पाटी दिसत नाही.

राहिला एक प्रश्न, ज्याचे उत्तर जुन्या करारात नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, गाव बायकांच्या हाती, असे इथे पिढ्यानपिढ्या चालले आहे. शेती त्यांनी राखली, घराची कुलपे त्यांनी उघडी ठेवली, देवळातला दिवा त्यांच्याच तेलाने लागला. पण मानकऱ्यांची यादी वाचली तर ती पुरुषांची असते. बाईच्या वाट्याला ओटी भरणे येते, गाऱ्हाणे घालणे येत नाही. अलीकडे काही गावांत बायकांनी पालखी खांद्यावर घेतली, नाचवली, आणि त्याने देव कोपल्याचे कोणी म्हटले नाही. ज्या घरचा पुरुष यंदा रजा न मिळाल्याने आलेला नाही, त्या घरचा खांदा तिथेच राहणाऱ्या बाईने द्यावा, आणि तिच्या घरचे गाऱ्हाणे तिनेच घालावे, हे येत्या शिमग्यात कोणत्याही सहाणेवर ठरवता येण्यासारखे आहे. त्यासाठी ना नवे देऊळ बांधावे लागेल, ना नवा कायदा करावा लागेल.